नकाशा, क्षेत्र आणि नेर : खेळांच्या रचनासाधनांची एक चिकित्सा

संगणकावरील खेळाचा मुलूख ज्या साधनाने रचला जातो त्यास लेव्हल एडिटर असे म्हणतात. या साधनांची माहितीपुस्तके चाळली असता ‘मॅप’ आणि ‘एरिया’ हे दोन शब्द पानोपानी भेटतात, आणि नवशिक्याची पहिली चूक बहुधा याच दोन शब्दांच्या परस्परसंबंधाविषयी होते. नकाशा म्हणजे संपूर्ण वस्तू आणि क्षेत्र म्हणजे तिचा एक तुकडा, अशी समजूत तो सहजच करून घेतो. शब्दकोशाच्या दृष्टीने ती चुकीची म्हणता येणार नाही. परंतु प्रत्यक्ष साधने तपासून पाहिली म्हणजे असे आढळते की, क्षेत्र हा नकाशाचा अवयव नव्हे. तो नकाशावर चढविलेला, आणि क्वचित नकाशाला न जुमानणारा, असा नियम होय. येथे काय आहे ते नकाशा सांगतो. येथे काय लागू आहे ते क्षेत्र सांगते. हा भेद जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांच्या भूमीवर घासून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हीच भूमी का, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे एक उत्तर असे की, जमिनीची वाटणी करण्याच्या इतक्या निरनिराळ्या रीती येथे एकीवर एक बसलेल्या आहेत की, एडिटरने मानलेली प्रत्येक कल्पना येथे कोठे ना कोठे आपल्या मूळ रूपात भेटते. दुसरे उत्तर अधिक व्यावहारिक आहे. असे खेळ आता आपल्या जवळच तयार होतात. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील वास्तूंची प्रेरणा राजस्थानची आणि बालीची आहे. उद्या एखादा विद्यार्थी याच साधनांनी नाणेघाट किंवा घोडनदीचे खोरे रचावयास बसला, तर साधन त्याला काय म्हणू देईल आणि काय म्हणू देणार नाही, हे त्याला आधी ठाऊक असलेले बरे.

प्रथम महसुली मोजणीचा विचार करू, कारण एडिटरचे सर्वांत जवळचे नाते तिच्याशी आहे. गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५च्या सुमारास इंदापुरात जी पद्धत सुरू केली व जी पुढे सर्व मुंबई इलाख्यात पसरली, तिची साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली होती. एक साखळी लांब व एक साखळी रुंद असा चौरस म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. मोजणीच्या नकाशावर शेताची आकृती असते व तिच्या पोटात एक क्रमांक असतो. पूर्वी तो सर्व्हे नंबर होता. तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा १९४७चा कायदा जेथे अमलात आला तेथे तो गट नंबर झाला. त्या आकृतीत जमीन कोणाची, पीक कोणते, बोजा कोणाचा, यांतील एकही गोष्ट लिहिलेली नसते. त्या साऱ्या गोष्टी सातबाऱ्यावर असतात. आणि एका खातेदाराचे गट गावात चार ठिकाणी विखुरलेले असले तर त्यांना एकत्र आणणारा कागद आणखी वेगळा, तो आठ-अ. म्हणजे आकृती एकीकडे, नियम दुसरीकडे, आणि दोहोंना सांधणारा केवळ एक आकडा. तलाठ्याच्या कार्यालयात ज्याने कधी हेलपाटे घातले आहेत, त्याला हा आकडा चुकल्याने काय होते ते निराळे सांगावयास नको.

१९९३च्या डिसेंबरात ईड सॉफ्टवेअरचा ‘डूम’ हा खेळ बाहेर पडला आणि १९९४ पासून त्याचे नकाशे स्वतः रचण्याची साधने सर्वसामान्यांच्या हाती आली. त्याची घडण या मोजणीशी विलक्षण जुळते. डूमच्या एडिटरमध्ये प्रथम बिंदू मांडावयाचे, बिंदू रेषांनी जोडावयाचे, आणि रेषांनी वेढलेल्या जागेला ‘सेक्टर’ म्हणावयाचे. जमिनीची उंची, छताची उंची, उजेड आणि एक विशेष प्रकार, हे गुण सेक्टरचे असतात. विशेष प्रकार म्हणजे उदाहरणार्थ पाय ठेवताच इजा करणारी भूमी. याखेरीज प्रत्येक सेक्टरला एक ‘टॅग’ देता येतो. टॅग हा आकडा आहे. एकच टॅग अनेक सेक्टरांना असू शकतो, आणि त्या टॅगाला दिलेली आज्ञा त्या साऱ्यांना एकाच वेळी लागू होते. सेक्टर हा गट मानला तर टॅग हे खाते होय. इतके लक्षात आले तरी नवशिक्याचा अर्धा गोंधळ मिटतो. चार कोपऱ्यांतील चार दरवाजे एकदम कसे उघडतात हे कोडे त्याला मग पडत नाही.

परंतु डूममध्ये याहूनही अर्थपूर्ण अशी एक गोष्ट आहे, आणि माहितीपुस्तके तिच्याकडे केवळ तांत्रिक तपशील म्हणून पाहतात. तेथे घटना घडते ती क्षेत्रात प्रवेश केल्यामुळे नव्हे, तर रेषा ओलांडल्यामुळे. खेळाडूचे पाऊल एका विशिष्ट रेषेपलीकडे पडले की, त्या रेषेवर लिहिलेला टॅग जागा होतो आणि दूर कोठेतरी एखादी भिंत खाली जाते. क्षेत्र निष्क्रिय, सीमा सक्रिय. हा विचार आपल्याला परका नाही. कोकणातून चढून आलेला माल ज्या अरुंद खिंडीतून वर निघे, त्या नाणेघाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. जकात त्यात पडे असे परंपरा सांगते. कल्याण-सोपाऱ्याच्या बाजूची जमीन व जुन्नरच्या बाजूची जमीन यांवर जकात नव्हती. ती होती त्या दोहोंमधल्या रेषेवर. जवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, तोही राज्याच्या मध्यभागी कोरलेला नसून त्याच सीमेवर कोरलेला आहे. ओलांडणाऱ्याने वाचावा म्हणून तो तेथे आहे, असे मानावयास जागा आहे. डूमचा रचनाकार नाणेघाट रचील तर त्याला फार कष्ट पडणार नाहीत : खिंडीत एक रेषा, तिला एक टॅग, आणि जुन्नरच्या कोठाराला तोच टॅग.

तथापि शिवनेरीच्या पायथ्याशी आला की हाच रचनाकार अडतो. डूमच्या नकाशावरील कोणत्याही बिंदूला एकच जमीन व एकच छत असू शकते. खोलीवर खोली त्यात बसत नाही. शिवनेरीच्या कड्यांच्या पोटात लेणी आहेत आणि माथ्यावर अंबरखाना, पाण्याची टाकी व शिवजन्माची इमारत आहे. १६३० साली शिवाजी महाराज जेथे जन्मले ती जागा आणि तिच्याखालच्या डोंगरातील बौद्ध भिक्षूंचे विहार, यांपैकी कोणते ठेवावयाचे हे डूमच्या रचनाकाराला निवडावेच लागेल. गटनकाशालाही हेच व्यंग आहे. तोही जमीन वरून पाहतो आणि एका बिंदूला एकच धनी मानतो.

हे व्यंग दूर करणाऱ्या पुढील साधनांत दोन पंथ झाले, आणि जुन्नरच्या वाचकाला ते विशेष बोधक वाटतील. १९९६चा ‘क्वेक’ पोकळी गृहीत धरतो. रचनाकार त्या पोकळीत घन ठोकळे मांडून भिंती उभ्या करतो. त्यातील बंदिस्तपणाला कोठे बारीकशी फट राहिली तर बांधणीच्या वेळी नकाशा ‘गळतो’ असे साधन कळविते. १९९८च्या ‘अनरियल’चा एडिटर याच्या उलट आहे : तेथे आरंभी सारे विश्व घन असते, आणि रचनाकार त्यातून जागा कोरून काढतो. पहिली रीत गवंड्याची, दुसरी लेणी कोरणाराची. लेण्याद्रीच्या डोंगरातील तीस लेणी, मानमोडीची, तुळजाची व शिवनेरीची लेणी ज्यांनी खोदली, त्यांच्या दृष्टीने खोली म्हणजे काढून टाकलेला दगड होता. चैत्यगृहातील खांब त्यांनी उभारले नाहीत, ते शिल्लक ठेवले. क्वेकच्या साधनाने लेण्याद्री रचता येईल, नाही असे नाही. पण मग प्रत्येक खांब मागाहून आणून ठेवलेला असेल, आणि मानेवर डोंगर असल्याचा जो भार लेण्यात शिरताच जाणवतो, त्याचे कारणच रचनेत उरणार नाही. साधनाची बैठक कलाकृतीच्या आशयात कशी उतरते याचे याहून चांगले उदाहरण मला सुचत नाही.

येथवर क्षेत्र म्हणजे वेढलेली जागा, हा एकच अर्थ चालला. ‘आरपीजी मेकर २०००’मध्ये तो बदलतो. तेथे नकाशे एका वृक्षात मांडलेले दिसतात : एका नकाशाखाली दुसरा, त्याखाली तिसरा. पाहणाऱ्याला वाटते की खालचा नकाशा वरच्याच्या पोटात आहे. तसे काही नाही. खालचा नकाशा वरच्याकडून केवळ काही गुण वारशाने घेतो, जसे पार्श्वसंगीत; त्यांच्या भूमीचा एकमेकींशी संबंध असेलच असे नाही. गाव तालुक्यात असते ते याच अर्थाने. त्याच वृक्षात नकाशाखाली ‘एरिया’ही लटकलेले असतात आणि तेथे चूक हमखास होते, कारण एरिया हा नकाशा नव्हेच. तो नकाशावर आखलेला एक आयत आहे. त्या आयतात खेळाडूसमोर कोणते शत्रू अवचित उभे राहतील याची यादी त्याला जोडलेली असते. जमिनीचे चित्र तसेच राहते. बदलते ते भय.

या कल्पनेची कसोटी आमच्या तालुक्यांत रोज लागते. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर हे तालुके येतात, आणि तेथील बिबट्या वनात राहत नाही. कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या उसात तो राहतो, तेथेच त्याची मादी पिले घालते. आता एखाद्या रचनाकाराने हिरव्या झाडीच्या भागाभोवती आयत काढून त्यास ‘बिबट्याचे क्षेत्र’ असे नाव दिले, तर चित्र शोभिवंत होईल आणि खोटे ठरेल. प्रत्यक्षातही ही चूक झालेली आहे. २००१च्या सुमारास पकडलेले बिबटे दूरच्या वनात नेऊन सोडण्याचा उपाय मोठ्या प्रमाणावर योजण्यात आला. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्नरच्या या अनुभवाचा जो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात असे दिसून आले की त्या उपायानंतर माणसांवरील हल्ले कमी न होता वाढले. खेळाच्या भाषेत बोलावयाचे तर प्राणी एका नकाशावरून उचलून दुसऱ्यावर ठेवला की काम झाले, असे मानले गेले. क्षेत्र हा वन या चित्राचा गुण आहे अशी मूळ समजूत होती. वस्तुतः तो बिबट्याच्या वावराचा गुण होता.

म्हणूनच २०११च्या ‘आरपीजी मेकर व्हीएक्स एस’मध्ये झालेला बदल मला मोठा वाटतो, जरी तेथील वापरणाऱ्यांनी त्याचे स्वागत केवळ सोय म्हणून केले. त्यात आयत गेले आणि ‘रीजन’ आले. १ ते ६३ पर्यंतचा एखादा आकडा नकाशाच्या प्रत्येक चौकटीवर रंगासारखा फासता येतो. चित्रात ऊस आहे की झाडी की गावठाण याच्याशी त्या आकड्याचे काही देणे-घेणे नसते. उसाच्या चार पट्ट्यांवर, ओढ्याकाठच्या काटवनावर आणि वस्तीमागच्या उकिरड्यावर एकच आकडा देता येतो, आणि तोच बिबट्याचा खरा नकाशा होय. एक उणीव मात्र राहतेच. एका चौकटीवर एकच आकडा बसतो. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. ते सुमारे १३० चौरस किलोमीटरचे असून पुणे, ठाणे व रायगड या तीन जिल्ह्यांत पसरले आहे. त्यातील आंबेगाव तालुक्याच्या एखाद्या पाड्यावरील जमिनीचा तुकडा एकाच वेळी गट आहे, अभयारण्य आहे, तालुका आहे आणि देवराई असली तर देवाचाही आहे. या चारांपैकी कोणता एक आकडा लिहावयाचा? तेथील महादेव कोळी शेतकऱ्यापुढे हा प्रश्न खेळ म्हणून येत नाही.

‘नेव्हरविंटर नाइट्स’ या २००२च्या खेळाच्या साधनाचा उल्लेख ओझरताच करतो. तेथे क्षेत्र नकाशावर नसते. क्षेत्रांच्या बाहेर नकाशाच नसतो. दहा मीटर बाजूच्या चौकटींचे, अधिकात अधिक बत्तीस गुणिले बत्तीस चौकटींचे एक क्षेत्र. अशा क्षेत्रांचा संग्रह म्हणजे खेळ. गंमत अशी की ३३ फूट म्हणजेही जवळजवळ दहा मीटरच. चौकट ही अक्षरशः गुंठ्याएवढी आहे आणि सबंध क्षेत्र पंचवीस-सव्वीस एकरांचे. नाणेघाटापासून जुन्नरपर्यंतचे तीसाहून अधिक किलोमीटर या हिशेबाने रचावयाचे तर शंभराच्या आसपास क्षेत्रे एकापुढे एक जोडावी लागतील. कोणी तसे करीत नाही. घाटमाथा एक, जुन्नरची पेठ एक, आणि मध्ये एक दार, एवढ्यावर भागविले जाते. चावंड, हडसर ही दुर्गांची रांग ज्या वाटेला धरून उभी आहे, ती वाटच त्या दारात नाहीशी होते.

आता ‘नेर’. सह्याद्रीपासून पूर्वेस उतरणाऱ्या या भागातील खोऱ्यांना नद्यांवरून नावे आहेत : कुकडनेर, मीननेर, घोडनेर, भीमनेर, भामनेर. नेर हे क्षेत्र आहे यात शंका नाही. माणूस कोठला हे त्यावरून सांगितले जाते. पण त्याला वेढणारी रेषा नाही. पश्चिमेस दोन खोऱ्यांमधला डोंगराचा दांड स्पष्ट असतो, तेथे पाणी कोणीकडे वळले ते पाहून सीमा ठरते. पूर्वेकडे दांड बसत जातो, जमीन सपाट होते, आणि नेर कोठे संपले हे कोणालाच सांगता येत नाही, सांगण्याची गरजही पडत नाही. गट कडेवरून ओळखला जातो, नेर मधल्या प्रवाहावरून. एडिटरांतील दिवा व ध्वनी यांची कल्पना काहीशी अशी आहे, कारण त्यांचा प्रभाव उगमापासून दूर जाताना क्षीण होतो; पण नियम मात्र कोठेही क्षीण होत नाहीत. ते एक तर लागू असतात किंवा नसतात. कुकडी प्रकल्पाने या खोऱ्यांत आणखी एक गोष्ट केली. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही त्यातील पाच धरणे. यांपैकी डिंभे घोडनदीवर आहे, आणि त्याच्या डाव्या कालव्याचे पाणी कुकडीवरील येडगावला येते. घोडनेरचे पाणी कुकडनेरमध्ये अशा रीतीने दांड ओलांडून जाते. ज्या उसात बिबट्या राहतो तो ऊस याच प्रकल्पाच्या पाण्यावर पोसलेला आहे.

डिंभ्याच्या जलाशयाखाली जुने आंबेगाव आहे. तालुक्याला त्याचे नाव आहे, कचेऱ्या घोडेगावला आहेत, मोठी बाजारपेठ मंचरला आहे. ज्या गावावरून हे सर्व ओळखले जाते त्याची घरे पाण्यात गेली आणि माणसे विस्थापित झाली. आरपीजी मेकरमध्ये एखादा नकाशा पुसून टाकला आणि त्याच्याकडे नेणारी आज्ञा दुसऱ्या नकाशावर तशीच राहिली, तर त्या जागी पाऊल ठेवताच फाइल उघडता येत नाही असे सांगून खेळ थांबतो. तालुका थांबला नाही. सातबाऱ्याच्या माथ्यावर ‘तालुका आंबेगाव’ हे शब्द रोज छापले जातात. नाव हे क्षेत्र म्हणून टिकले, नकाशा गेला तरी. आणि लेखारंभी केलेले विधान कोणाला अतिशयोक्त वाटले असेल तर त्याने हे उदाहरण पाहावे.

पण नकाशा गेला असेही पुरते म्हणता येत नाही, आणि येथे अनरियलचे जुने साधन पुन्हा उपयोगी पडते. त्यात पाणी ही वस्तू नाही. कोरलेल्या जागेत हव्या त्या उंचीवर एक आडवा पडदा टाकावयाचा; त्या पडद्याने जागेचे दोन ‘झोन’ होतात; खालच्या झोनला पाण्याचे गुण दिले की तेथे पोहावे लागते, श्वास कोंडतो. खालची जमीन, भिंती, पायऱ्या यांना कोणी हात लावलेला नसतो. धरणाने आंबेगावचे जे केले त्याचे इतके नेमके वर्णन मला कोणत्याही शासकीय अहवालाच्या भाषेतही शक्य वाटत नाही : गाव हलले नाही, त्याच्यावर एक पातळी ठरविण्यात आली, आणि त्या पातळीखाली वेगळे नियम लागू झाले. मात्र साधनातील तो पडदा बांधणीच्या वेळी एकदाच ठरतो. झोनांची वाटणी त्यावरून होत असल्यामुळे खेळ चालू असता तो खालीवर होत नाही. डिंभ्याचे पाणी उन्हाळ्यात खाली जाते, आणि ते पुरेसे ओसरले की जुन्या वस्तीचे व देवळांचे अवशेष उघडे पडतात. तेथले जुने रहिवासी मग ते पाहावयास जातात. हे रचावयाचे तर रचनाकाराला दोन नकाशे करावे लागतील, एक पाण्याखालचा व एक पाण्याबाहेरचा. दोहोंनाही आंबेगाव हेच नाव द्यावे लागेल, आणि एकाच संचिकेत एका नावाच्या दोन फाइली राहू शकत नाहीत.